तीन पट्टे की चार

शेख मॅडमनी माझ्या एकाही फोटोला कधी चांगलं म्हटलं नाही. दौंडात माझा स्टुडिओ आहे, बापापासूनचा. अर्ध्या तालुक्याची लग्नं आम्ही काढलीत. आमच्या अल्बममध्ये नवरी उजळ निघते आणि नवरदेवाचं पोट आत जातं, अशी ख्याती. आणि ही बाई पहिल्याच भेटीत स्वतःचा पासपोर्टचा फोटो हातात घेऊन, चष्मा कपाळावर सारून मला विचारते, "हा कोणाचा?"

"तुमचाच की, मॅडम."

"माझ्या हनुवटीवर तीळ आहे. हिच्या नाही."

"मीच काढला तो. जरा बरं दिसावं म्हणून."

"ओळखायची खूण तेवढीच होती, तीच पुसलीत?" त्या म्हणाल्या. "परत काढा. आणि या वेळी मला सुंदर करू नका."

माझं डोकं असं फिरलं म्हणता! पण गिऱ्हाईक होतं, गप्प बसलो. परत काढला. तोही त्यांनी उजेडात धरून दोन मिनिटं तपासला, जणू मी तिळाच्या जागी शाईचा ठिपका दिला असेल. मग पर्समध्ये टाकला आणि निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "बारीक वस्तूंचे फोटो काढता येतात का तुम्हाला? माशीचे?"

त्या 'माशीचे' या शब्दानं पुढची आठ-नऊ वर्षं माझ्या दुपारी खाल्ल्या.

मॅडमनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांना माश्यांनी धरलं, असं गावात म्हणत. खरं तर माश्या आधीपासूनच होत्या, नोकरीच मध्ये येत होती. आणि माशी म्हणजे आपल्या ताटावर बसते ती नव्हे. मॅडमच्या माश्या परोपजीवी. म्हणजे दुसऱ्या जिवाच्या अंगावर अंडं घालायचं, अंड्यातली अळी त्या जिवाच्या आत शिरणार, त्याला आतून खाणार, आणि पोट भरलं की बाहेर पडून मातीत जाऊन बसणार. तिथून पुढं नवीन माशी.

"म्हणजे भाडेकरूच," मी म्हटलं.

"भाडेकरू घरमालकाला खात नाही."

"दौंडात खातो, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. हसायच्या आधी सुद्धा त्या खात्री करून घ्यायच्या, असं मला वाटतं. त्यांचे वडील रेल्वेत गार्ड होते. ते म्हणायचे, म्हणे, की सिग्नल डोळ्यांनी दिसल्याशिवाय झाला म्हणायचं नाही. लेकीनं ते असं उचललं की दौंड स्टेशनवर लाउडस्पीकरवर गाडी दोन नंबरला येतेय असं दहादा सांगितलं, तरी ही बाई जिन्यावर उभी. गाडी दिसली की मगच खाली उतरायची. दोनदा गाडी चुकली, तरी सवय गेली नाही. मी म्हटलं, "मॅडम, सगळं दौंड त्या लाउडस्पीकरवरच्या बाईचा आवाज ऐकून चालतं." त्या म्हणाल्या, "चालू दे की. मी अडवलंय का?"

रेल्वे कॉलनीच्या मागं त्यांचं घर. आत गेलं की भिंतीला लागून बरण्याच बरण्या, तोंडाला फडकी बांधलेल्या. कशात तुरीच्या शेंगेतली अळी, कशात कोबीची पानं आणि त्यावरची अळी, कशात नुसती माती. शेजारच्या काकूंना वाटायचं ही बाई काहीतरी पाळते. एकदा त्यांनी मला गेटाशी गाठून हळूच विचारलं, "ओ फोटोवाले, त्या बाटल्यांत असतंय काय? आमच्या सुनेला दोन वर्षं झाली, दिवस राहत न्हाईत." मी चाट पडलो. मॅडमना सांगावं की नको? शेवटी सांगितलं. मॅडम उठल्या, शेजारी गेल्या आणि काकूंना हाताला धरून घरात घेऊन आल्या. एकेक बरणी उघडून दाखवली, हे काय, ते काय, यातून काय निघणार. काकू बाहेर पडल्या त्या जास्तच घाबरून.

"संशय आला ते बरं झालं," मॅडम त्यांना दारात म्हणाल्या. "पण गेटापाशी कशाला थांबायचं? संशय आला की आत यायचं आणि बघायचं."

काकू काही परत आल्या नाहीत. पण पुढच्या वर्षी त्यांच्या सुनेला मुलगा झाला आणि पेढे मात्र आले. मॅडमनी पेढा खाण्याआधी वास घेतला, हेही सांगून टाकतो.

फोटो यायचे ते सगळीकडून. शिरूरचे, दौंडचे, पार बारामतीकडचे शेतकरी मोबाईलवर माशीचा फोटो पाठवायचे आणि खाली एकच ओळ: 'मॅडम ही कोणती, काय फवारू?' निम्मे फोटो हललेले. माशी म्हणजे धूर. म्हणून मला बोलावलं होतं. लोकांना फोन करून मी सांगायचं, की दादा, उजेड पाठीमागून नको, बाजूनं घ्या, शेजारी रुपया ठेवा म्हणजे आकार कळेल, वरून एक, बाजूनं एक आणि तोंडाचा एक. लग्नाचं सोडून मी माश्यांच्या डाव्या-उजव्या बाजू काढायला शिकवत होतो. बायको म्हणाली, "फुकट?" मी म्हटलं, "व्हय, फुकट." ती पुढं काही बोलली नाही, पण बोलायचं होतं तिला.

फोटो आला की मॅडम माशीकडं बघायच्याच नाहीत. आधी कोपरे बघायच्या. चारही कोपरे मोठे करकरून. खाली काय आहे, मागं काय आहे, सावली कुठं पडलीय. एकानं पाठवलं, 'ही माशी आमच्या गोठ्यात गाईला त्रास देतीय.' मॅडमनी त्याला फोन लावला आणि विचारलं, "तुमच्या गोठ्यात चमच्यांची मांडणी आहे का?" वरच्या कोपऱ्यात स्टीलच्या चमच्याचं टोक दिसत होतं. मग कबूल झाला बिचारा, माशी स्वयंपाकघरात सापडली होती. त्याची बायको म्हणाली होती, घरात माश्या हाईत असं लोकांना कशाला सांगता, गोठ्यातली म्हणा.

"बघितलंत?" मॅडम मला म्हणाल्या. "माशी कधी खोटं बोलत नाही. फोटो काढणारा बोलतो."

मला हे लागायचं. अहो, आमचा धंदाच तो! मी एकदा चिडून म्हणालो, "मॅडम, फोटो म्हणजे पुरावा असतो. कोर्टात चालतो." त्या म्हणाल्या, "विलासराव, फोटो म्हणजे साक्षीदार. त्याला कोणी आणला, ते आधी विचारायचं."

पाबळचा एक शेतकरी होता, मक्यावर लष्करी अळी पडलेली. त्यानं अळीचा फोटो पाठवला, आणि शेजारी भिरभिरणारी एक करडी माशी. 'हीच माशी अळ्या घालती, हिला मारायचं औषध सांगा.' मॅडमनी अळीचा फोटो मोठा केला. मानेजवळ तांदळाच्या कणीसारखे दोन पांढरे ठिपके. त्याला म्हणाल्या, "दोन-चार दिवस फवारू नका. हे ठिपके म्हणजे त्या माशीची अंडी. अळीचं मरण तिच्या मानेवर चिकटवून ठेवलंय." तो म्हणाला, "मॅडम, तुमचं काय जातंय? मका माझा हाय." त्यांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, थोड्या अळ्या बरणीत घाला, पानं टाका, फडकं बांधा आणि स्वतः बघा. पुढं काही दिवसांनी त्याचा फोन आला तो ओरडतच, "ओ मॅडम! अळी मेली आन् तिच्यातनं माशी निघाली की!" मग गहिवरून म्हणाला, "म्हंजी ही आपली मित्र झाली म्हणायची."

"कोणाची मित्रबित्र नाही ती," मॅडम म्हणाल्या. "तिला तिच्या पोरांची पोटं भरायचीत. आज तुमचा फायदा झाला, एवढंच."

याच माशीची एक भावकी आहे. ती रेशमाच्या अळीवर अंडी घालते. रेशीमवाले तिला उझी माशी म्हणतात आणि नाव घेताना सुद्धा थुंकतात. मक्यावर जी पुण्य करते, तीच जात रेशमाच्या शेडमध्ये घर बुडवते. आता मला सांगायचंय ते याच माशीचं.

भीमा ओलांडून मांडवगण फराट्याच्या बाजूला गेलं की एक वाडी लागते. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. तिथं सुरेखाताईंची रेशमाची शेड. तुती लावलेली, रॅकवर अळ्या वाढवायच्या, मोठ्या झाल्या की त्यांना कोष विणायला जाळीच्या चौकटींवर सोडायचं. त्या चौकटींना चंद्रिका म्हणतात. बाई कष्टाळू. पण त्या खेपेला तिच्या अळ्या मरायला लागल्या, कोषांना भोकं पडली आणि शेडमध्ये माश्याच माश्या झाल्या. शेडपासून हाकेच्या अंतरावर रस्त्याला रज्जाकभाईंचं मटणाचं दुकान. आजोबांपासूनचं. मग काय! सुरेखाताईंचे चुलत सासरे आबा, वाडीतला वजनदार माणूस, त्यांनी ठरवूनच टाकलं. माश्या मटणाच्या. दुकान उठवायचं. ग्रामसभेत ठराव आणायचा. त्या जागेवर आबांच्या घरच्यांचा डोळा आहे, असंही लोक बोलायचे. लोक काय, काहीही बोलतात.

आबांनी मॅडमना फोटो पाठवला आणि मागोमाग आवाजाचा निरोप: "मॅडम, रामराम. ही माशी मटनाच्या दुकानातली हाय, एवढं लिवून द्या. ग्रामसभेत वाचायचंय."

फोटो झकास होता. मेलेल्या अळीवर बसलेली करडी माशी, लाल डोळे, पाठीवर तीन काळे पट्टे. मॅडमनी कोपरे बघितले. रॅक, पांढरी जाळी, सुरेखाताईंचीच शेड. सगळं खरं.

"तीन पट्टे," त्या म्हणाल्या. "ही मांसावरची माशी. उझीला चार असतात."

"म्हणजे आबा बरोबर?" मी विचारलं.

"मयताला आलेला माणूस खुनी असतो का? अळी मेली, वास सुटला, ही आली. त्या आधी कोण येऊन गेलं ते या फोटोत नाही."

तेवढं त्यांनी आबांना कळवलं आणि बाकीच्या माश्या दाखवा म्हणाल्या. आबांना ते आवडलं नाही, पण तीन-चार पट्ट्यांची गोष्ट वाडीभर झाली. दोन दिवसांनी रज्जाकभाईंकडून एका माशीचा फोटो आला. चार पट्टे! स्वच्छ, मोजून घ्यावेत असे चार. मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं सुटला माणूस. मॅडम मात्र मोबाईल उपडा ठेवून बसल्या.

"विलासराव, हा फोटो मला फार आवडलाय," त्या म्हणाल्या. "म्हणून आज बघायचा नाही."

त्यांना काय वाटत होतं ते मला कळत होतं. चौकात चहा पिताना मी कानांनी ऐकलं होतं, 'मॅडम कुणाच्या बाजूनं बोलणार ते काय सांगायला पायजे का?' त्यांच्याही कानावर गेलं असणार. दौंडात कानावर न जाणारं काही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोपरे उघडले. माशीच्या मागं जाळी होती. निळी.

त्यांनी रज्जाकभाईंना फोन लावला. "हा फोटो कुठला?"

"हितलाच की, मॅडम. सुरेखाच्या शेडमधला."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. आणि मला म्हणाल्या, "गाडी काढा."

माझ्या जुन्या व्हॅनमधून आम्ही गेलो. शेडची जाळी सगळीकडून पांढरी. निळ्याचा धागासुद्धा नाही. सुरेखाताईंच्या डोळ्याखाली काळं आलेलं, तरी त्यांनी आधी पाणी दिलं. मॅडम गुडघ्यावर बसून रॅक बघत होत्या. जिवंत अळ्यांच्या अंगावर काळे डाग. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, आता म्हणतील उझी, आता म्हणतील. म्हणाल्या नाहीत. चंद्रिकांपाशी मात्र थांबल्या. एकेका चौकटीच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं होती.

"या कुठल्या?"

"बहिणीच्या," सुरेखाताई म्हणाल्या. "तिला यंदा लई चांगलं पीक आलं. म्हणाली, शकुनाच्या हाईत, ने तुला. वटी भरून दिल्या."

"औषध मारून घेतल्या का आधी?"

सुरेखाताई जरा दचकल्या. "बहिणीनं वटी भरून दिलेल्या वस्तूवर औषध कसं मारायचं, मॅडम? कुकू धुऊन जाईल की."

मॅडमनी मान हलवली. भोकं पडलेले कोष आणि अळ्यांतून बाहेर पडणाऱ्या पांढऱ्या किडी त्यांनी एका काचेच्या बरणीत घातल्या, वर थोडी माती टाकली. तोवर आबा आले होते, रज्जाकभाई पण आले होते, आणि दोघं एकमेकांकडं न बघता उभे होते.

"आबा, तुमचं जुनं उपरणं द्या," मॅडम म्हणाल्या. त्याच उपरण्यानं बरणीचं तोंड बांधायला लावलं. गाठ आबांच्याच हातानं. "आता ही बरणी तुमच्या घरात ठेवा. यातून माश्या निघतील. त्याच सांगतील."

रज्जाकभाईंचा चेहरा पडला. धिप्पाड माणूस, पण आवाज बारीक झाला. "मॅडम, बरणी तुम्ही दौंडला न्या. त्यांच्या घरी नको."

"का?"

"का म्हंजी? माझं दुकान उठवायला निघालेत ते. आन् त्यांच्याच घरात?"

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "माझ्या घरातून चार पट्टे निघाले, तर कोण मानेल?"

परत येताना मी म्हटलं, "मॅडम, त्या निळ्या जाळीचं रज्जाकभाईंना बाजूला घेऊन विचारा ना."

"त्यांनी एकदा विचारल्यावर खोटं सांगितलं. परत विचारलं तर आणखी एक फोटो आणतील. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर."

मला पटलं नव्हतं. पण मॅडमशी वाद म्हणजे भिंतीशी.

पुढचा पंधरवडा वाडीत कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. रज्जाकभाईंच्या दुकानाकडं निम्मी वाडी फिरकेना. आबा दिवसा बरणीजवळ, रात्री बरणीजवळ. घरात पाव्हणा आला तरी ओसरीच्या त्या कोपऱ्याकडं जाऊ द्यायचे नाहीत. रोज मॅडमना फोन, "अजून न्हाई." मग हळूहळू त्यांचा सूर बदलला. "मॅडम, आत गव्हाच्या दाण्यासारखं तपकिरी काय तरी झालंय." "मॅडम, काल येक दाना हलला का काय, मला वाटलं." एकदा तर म्हणाले, "थंडी पडलीय, बरणीला पोतं गुंडाळू का?" मॅडम म्हणाल्या, नको. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "हा माणूस आता बघायला लागलाय." त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी माझ्या लेन्सची सुद्धा ऐकली नव्हती.

माश्या निघाल्या त्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी. मॅडमनी फोनवर सांगितलं, बरणी जराशी फ्रीजमध्ये ठेवा, गारठली की माशी सुस्त होते, मोजता येतं. मागून आबांच्या मालकिणीचा आवाज आम्ही दौंडात ऐकला, "माश्या? आन् माझ्या फ्रीजमधी?"

सभा पारावर होती. मी लग्नातला मोठा पडदा व्हॅनमध्ये टाकून नेला होता, म्हटलं सगळ्या वाडीला मोठ्ठी माशी दाखवू. मॅडम म्हणाल्या, "पडदा नको. पडदा तुमचा, आणि तुम्ही माझ्याबरोबर आलात." गेला माझा पडदा. त्यांनी पर्समधून भिंग काढलं आणि आबांच्या हातात दिलं.

पण त्याआधी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडं दोन फोटो आले होते. आबांनी पाठवलेला इथलाच होता. रज्जाकभाईंनी पाठवलेला इथला नव्हता. इथली जाळी पांढरी आहे, त्या फोटोतली निळी. तो मी धरलेला नाही."

पारावर एकदम गलका झाला. "घ्या! खोटा फोटो!" "तरी म्हणत हुतो!" रज्जाकभाई उभ्या जागी खाली बसले. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, झालं, माणूस गेला, आता बरणीतून काय निघायचं ते निघो.

"आता मोजा, आबा," मॅडम म्हणाल्या.

आबांनी सुस्तावलेली माशी कागदावर घेतली, भिंग धरलं. "येक," आबा म्हणाले. "दोन. तीन." मग थांबले. भिंग पुढं केलं, मागं केलं. चष्मा पुसला. हा माणूस तीन म्हणाला असता तर त्याला कोण अडवणार होतं? भिंग त्याच्या हातात, माशी त्याच्या घरातली, वाडी त्याची.

"चार," आबा म्हणाले. "चार हाईत."

"दुसरी बघा."

दुसरी बघितली. तिसरी बघितली. "चारच हाईत समद्यांना," आबांनी जरा चिडूनच सांगितलं आणि भिंग खाली ठेवलं. "ही मटनाची न्हवं."

मागून कुणीतरी विचारलं, "मग आली कुठनं?"

मॅडम बोलल्या नाहीत. बायकांतून सुरेखाताई उठल्या. पदर डोक्यावर घेतला. "चंद्रिका माझ्या बहिणीकडनं आणल्यात. मी औषध मारलं न्हाई. त्यातनंच आली असंल. रज्जाकभाईंचा काय दोष न्हाई." आणि तोंडाला पदर लावून बसल्या. ठराव वाचायला काढलेला कागद परत खिशात गेला. सभा उठली.

मला आनंद झाला होता. खरंच झाला होता. मॅडम व्हॅनमध्ये बसल्या, मी किल्ली फिरवणार, तेवढ्यात रज्जाकभाई खिडकीशी आले. मला वाटलं आभार मानतील.

"मॅडम," ते म्हणाले, "ग्रामपंचायतीत कुटलंबी काम निघालं की फोटो मागत्यात. म्हणून मी फोटो आणला. दुसऱ्या गावच्या रेशीमवाल्याकडनं. उझी म्हंजी उझी, माशी कुठली का असंना, असं मला वाटलं. चुकलं माझं. फोनवर खोटं बोललो तेबी चुकलं. पन तुमी हितं आला, माझ्यासमोर हुबं ऱ्हायला, तवा मला इचारलं न्हाई. सुरेखानं तिचं तिनं सांगितलं. माझं तुमी सांगितलं." ते थांबले. "दुकान ऱ्हायलं. पन आता रज्जाक खोटा फोटो देतो, हेबी ऱ्हानार. तुमी दौंडला जाल. मला हितं ऱ्हायचंय."

आणि ते वळून निघून गेले. त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं.

मी मॅडमकडं बघितलं. त्या समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "विलासराव, तुम्ही म्हणाला होतात."

"जाऊ द्या, मॅडम. निकाल तर लागला ना."

"नाही. मी त्यांना विचारायला हवं होतं." त्यांनी व्हॅनचं दार उघडलं.

रज्जाकभाईंच्या दुकानापुढं रस्त्यालाच एक लाकडी बाक आहे. मॅडम जाऊन त्यावर बसल्या. सभा सुटलेली, लोक घोळक्यानं परतत होते, आणि प्रत्येकाला तो बाक ओलांडूनच जावं लागत होतं. रज्जाकभाई दुकानात ओटा पुसत होते, पाठमोरे.

"रज्जाकभाई, मी चुकले," मॅडम म्हणाल्या. हळू नाही, रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल असं. "तुम्ही तुमचं सांगितलं असतंत. मी वाट बघितली नाही."

ते वळले नाहीत. ओटा पुसत राहिले. त्या बसून राहिल्या. मी व्हॅन सावलीला लावली आणि आत बसून बघत होतो. लोक थबकायचे, बघायचे, पुढं जायचे. कुणी म्हणालं असेल, बघा, गेली शेवटी तिकडंच. म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

बऱ्याच वेळानं आबा काठी टेकत आले. बाकापाशी थांबले. बसू की नको, असं झालं त्यांना. मग बसले, पार दुसऱ्या टोकाला.

"मॅडम, येक इचारू का? तीन निगाले असते तर?"

"तर मी तीन म्हणाले असते, आबा."

"आन् मग ह्यो?" आबांनी दुकानाकडं काठी केली.

"मग मी या बाकावर बसायला कोणत्या तोंडानं आले असते, ते मला ठाऊक नाही," मॅडम म्हणाल्या.

दुकानातला फडक्याचा आवाज थांबला होता. रज्जाकभाई हात पुसत बाहेर आले. दोघांकडं बघत उभे राहिले. मला वाटलं आता दोघांनाही उठा म्हणतात. मग त्यांनी मागच्या घराकडं तोंड केलं आणि बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

"आबा, तुमचा बिनसाखरेचा ना?" त्यांनी विचारलं.

"बिनसाखरेचा," आबा म्हणाले. "साखर वाढलीया माझी."